टर्नरचं ‘ट्रॅफल्गारची लढाई’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जे. एम. डब्ल्यू. टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या या तैलचित्राबद्दल वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. चित्रकलेचे विद्यार्थी, लंडनला निघालेली मंडळी, आरमाराच्या इतिहासात रमणारे, असे सगळेच विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एखादं उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमकं कोणतं चित्र? कधी काढलं, केवढं आहे?

चित्राचं नाव ‘ट्रॅफल्गारची लढाई, २१ ऑक्टोबर १८०५’. टर्नरने ते १८२२ ते १८२४ या काळात कॅनव्हासवर तैलरंगांत केलं. उंची सुमारे साडेआठ फूट, रुंदी बारा फुटांच्या आसपास. टर्नरच्या हातून झालेलं हे सर्वांत मोठं चित्र. ब्रिटनच्या राजाने त्याला आयुष्यात एकदाच काम सांगितलं, ते हेच. राजा होता चौथा जॉर्ज, आणि चित्र लागणार होतं लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात. आज ते ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

२. ट्रॅफल्गारची लढाई कोणाची, कशी झाली?

स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर, कादिथच्या दक्षिणेला ट्रॅफल्गार नावाचं भूशिर आहे. त्याच्यासमोरच्या समुद्रात ब्रिटिश आरमाराने फ्रान्स आणि स्पेनच्या संयुक्त आरमाराला गाठलं. ब्रिटिशांची मोठी लढाऊ जहाजं २७, समोरची ३३. ब्रिटिश सेनापती होरेशिओ नेल्सन ‘व्हिक्टरी’ या जहाजावर होता, फ्रेंच सेनापती व्हिलनव्ह ‘ब्यूसांतोर’वर. दोन्ही आरमारांनी समोरासमोर रांगा धरून तोफा डागायच्या, ही त्या काळची रीत. नेल्सनने आपल्या जहाजांच्या दोन रांगा केल्या आणि त्या शत्रूच्या रांगेत काटकोनात घुसवल्या. जवळ पोचेपर्यंत पुढच्या जहाजांना जवळजवळ उत्तर न देता तोफांचा मारा सोसावा लागला. एकदा रांग फुटली की मात्र प्रत्येक जहाजाची वेगळी झुंज सुरू झाली, आणि तिथे ब्रिटिश तोफखान्याचा वेग कामी आला.

शत्रूची १७ जहाजं पकडली गेली, एक जळून फुटलं. ब्रिटिशांचं एकही जहाज गेलं नाही, पण नेल्सन गेला. नंतर आलेल्या वादळात पकडलेली बहुतेक जहाजंही हातची गेली. जिब्राल्टरला पोचली ती चारच.

३. चित्र बघायला कुठून सुरुवात करावी? मला नुसता गोंधळ दिसतो.

खालून सुरुवात करा. नजर साहजिकच मधल्या ‘व्हिक्टरी’च्या प्रचंड पांढऱ्या शिडांकडे जाते, आणि तिथेच थांबलं तर चित्राचा निम्मा भाग हातातून निसटतो. अगदी खालच्या पट्ट्यात, तुमच्या डोळ्यांच्या पातळीला, माणसं आहेत. काठोकाठ भरलेली होडी, तिला धरू पाहणारे हात, पाण्यात गटांगळ्या खाणारे खलाशी, मोडलेल्या डोलकाठ्या आणि दोरखंडांचा गुंता. वर राष्ट्राचा विजय चालला आहे, खाली माणसं बुडत आहेत. त्यांच्याजवळ कोणी सेनापती नाही, कोणाच्या चेहऱ्यावर विजयाचं तेज नाही.

तिथून नजर वर सरकू द्या. जहाजाची काळी-पिवळी बाजू भिंतीसारखी उभी राहते, तिच्यावर तोफांच्या खिडक्यांच्या रांगा. आणखी वर धूर, शिडं, आणि कोसळणारी डोलकाठी. मागे जळणारं जहाज. धुराने सगळ्या कडा पुसल्या आहेत, त्यामुळे कोणतं जहाज कुठे संपतं ते कळत नाही. तुम्हाला वाटणारा गोंधळ टर्नरने मुद्दाम उभा केला आहे. लढाईच्या आत उभ्या असलेल्या माणसाला रांगा आणि डावपेच दिसत नाहीत. धूर दिसतो, लाकूड फुटताना ऐकू येतं. माझ्या मते या चित्राचं मोठेपण या खालच्या पट्ट्यातच आहे. राजाने विजयाचं चित्र मागितलं होतं, आणि टर्नरने त्याच विजयाच्या पायाशी त्याची किंमत मांडून ठेवली.

४. टर्नर स्वतः लढाईत होता का? नसेल तर एवढे तपशील कुठून आणले?

नव्हता. लढाई झाली तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि इंग्लंडमध्ये होता. पण १८०५च्या डिसेंबरात नेल्सनचं शव घेऊन ‘व्हिक्टरी’ मेडवे नदीच्या मुखाशी आली, तेव्हा टर्नर तिथे पोचला. डेकवर फिरून त्याने रेखाटनं केली, लढून आलेल्या लोकांकडून टिपणं घेतली. त्या वेळची त्याची वही टेट संग्रहालयात जपलेली आहे.

राजवाड्याचं चित्र सुरू झालं तेव्हा मधे सतरा वर्षं गेली होती. त्याने नव्याने माहिती गोळा केली. जॉन ख्रिश्चन शेटकी या सागरी चित्रकाराकडून ‘व्हिक्टरी’ची रेखाटनं मागवली. तोपर्यंत टर्नर समुद्र आणि जहाजं रंगवण्यात मुरलेला होता. टेम्स नदीच्या काठावर वाढलेल्या या माणसाला दोरखंड आणि शिडं लहानपणापासून ओळखीची होती.

५. चित्रात वेळेच्या चुका आहेत म्हणतात. खरं का?

वेळा जुळत नाहीत हे खरं. त्यांना चुका म्हणणं मला पटत नाही. एकेक पाहू.

‘व्हिक्टरी’वर नेल्सनचा प्रसिद्ध संदेश (प्रश्न ६ पाहा) फडकतो आहे. तो प्रत्यक्षात दुपारी बाराच्या थोडं आधी, पहिल्या तोफा धडाडण्यापूर्वी चढवला गेला होता. ‘व्हिक्टरी’च्या मागच्या डोलकाठीचा वरचा भाग पडला तो दुपारी एकच्या सुमारास. मागे जळणारं फ्रेंच जहाज ‘आशील’ पेटलं दुपार कलल्यावर आणि संध्याकाळी फुटलं. आणि ‘व्हिक्टरी’च्या पुढ्यात बुडताना दाखवलेलं ‘रदूताब्ल’ हे फ्रेंच जहाज त्या दिवशी बुडालंच नाही. ते दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, ओढून नेताना तळाला गेलं.

म्हणजे एकाच कॅनव्हासवर दोन दिवसांतले किमान चार क्षण आहेत. आपल्याकडच्या जुन्या भित्तिचित्रांत एकाच भिंतीवर कथेतले अनेक प्रसंग शेजारी शेजारी येतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पण १८२४च्या लंडनमध्ये लढाईचं चित्र म्हणजे साक्षीदाराचा जबाब असं मानलं जाई. टर्नरने मांडला तो अख्ख्या दिवसाचा अर्थ: सुरुवातीची आज्ञा, मधला आघात, शेवटचा विनाश, आणि विजेत्याचा मृत्यू. हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आणायचं तर घड्याळ सोडावंच लागतं.

६. डोलकाठीवरच्या रंगीत ध्वजांवर काय लिहिलं आहे?

त्या ध्वजांत नेल्सनच्या संदेशाचा शेवट आहे. ‘प्रत्येक जण आपलं कर्तव्य बजावेल अशी इंग्लंडची अपेक्षा आहे’ असा तो संदेश. ब्रिटिश आरमारात तेव्हा पॉपम या आरमारी अधिकाऱ्याने तयार केलेली सांकेतिक ध्वजावली वापरत. तिच्यात नेहमीच्या शब्दांना आकडे ठरलेले होते, आणि आकडा ध्वजांनी दाखवायचा. नेल्सनला आधी ‘इंग्लंडला विश्वास आहे’ असं म्हणायचं होतं. पण तो शब्द संकेतपुस्तकात नसल्याने एकेक अक्षर लावावं लागलं असतं. म्हणून संदेश चढवणारा अधिकारी पास्को याने ‘अपेक्षा’ सुचवलं, आणि नेल्सनने लगेच मान्य केलं.

‘ड्यूटी’ हा शब्दही पुस्तकात नव्हता. तो मात्र अक्षरं लावूनच दाखवला: ४, २१, १९, २४. टर्नरने संदेशातला नेमका हाच शब्द चित्रात घेतला आहे.

बारकाईने पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जहाजं भिडली तेव्हा हा संदेश खाली उतरवलेला होता. त्या जागी ‘शत्रूला आणखी जवळून भिडा’ हा १६ क्रमांकाचा संकेत फडकत होता, आणि गोळ्यांनी उडून जाईपर्यंत तो तसाच ठेवला गेला. चित्रातल्या घटकेला ध्वज कोणते असते, हे टर्नरने बाजूला ठेवलं. का, ते प्रश्न ५ मध्ये आलं आहे.

७. पाण्यात लॅटिन अक्षरं आहेत असं ऐकलं. ती खरोखर आहेत का?

आहेत. पुढच्या भागातल्या पाण्यात नेल्सनच्या ब्रीदवाक्यातले शब्द दिसतात: ‘पाल्माम क्वी मेरुइत फेरात’. ज्याने ते कमावलं त्यालाच विजयाची खूण असलेलं पामचं पान मिळो, असा त्याचा अर्थ. मोबाइलवरच्या छोट्या प्रतिमेत ते शोधत बसू नका, सापडत नाहीत. मोठ्या प्रतिमेत किंवा चित्रासमोर उभं राहिल्यावरच दिसतात. बुडणाऱ्या खलाशांच्याच पाण्यात ही अक्षरं तरंगत आहेत, हे पाहून मात्र थांबावंसं वाटतं. पान कमावलं कोणी, हा प्रश्न चित्रच विचारतं.

८. नेल्सन चित्रात कुठे आहे?

त्याचं शरीर शोधलंत तर हाती काही लागणार नाही. त्याचा मृत्यू टर्नरने जहाजावरच दाखवला आहे. ‘व्हिक्टरी’च्या डोलकाठीचा वरचा भाग नेल्सनच्या निशाणासकट कोसळतो आहे, हीच त्याच्या पडण्याची खूण.

प्रत्यक्षात ‘रदूताब्ल’च्या डोलकाठीवर बसलेल्या फ्रेंच नेमबाजाची गोळी नेल्सनला दुपारी सव्वाच्या सुमारास लागली. त्याला खाली नेलं, आणि साडेचारच्या सुमारास, जय झाल्याचं कळल्यावर, तो गेला. त्या दिवशी एकट्या ‘व्हिक्टरी’वर ५७ जण मारले गेले. नेल्सनला पडताना दाखवणारं टर्नरचं चित्र वेगळं आहे. प्रश्न १० पाहा.

९. आरमारातल्या लोकांना हे चित्र आवडलं नाही, ते का?

राजवाड्यात चित्र लागताच टीका सुरू झाली. टीका करणाऱ्यांत स्वतः समुद्रावर गेलेले लोक होते. जहाज पाण्याच्या वर फार उचललेलं दिसतं, दोरखंडांची बांधणी बरोबर नाही, प्रसंगांचा क्रम उलटसुलट आहे, असे आक्षेप होते. नेल्सनचा जिवलग सहकारी आणि ‘व्हिक्टरी’चा कप्तान हार्डी याच्या नावावर असं सांगतात की, हे लढाईपेक्षा रस्त्यावरच्या दृश्यासारखं वाटतं असं तो म्हणाला.

टर्नर राजवाड्यात जाऊन अकरा दिवस चित्रावर पुन्हा काम करत राहिला. आरमाराचे लोक येऊन सूचना देत, तो बदल करत जाई. नावाजलेल्या चित्रकाराने एवढं ऐकून घेणं सोपं नव्हतं. त्याने ऐकलं, कारण जहाजाच्या बाबतीत या लोकांचा शब्द त्याला मोलाचा वाटत होता. मात्र वेळांची सरमिसळ त्याने तशीच ठेवली आणि खालची बुडणारी माणसंही काढली नाहीत. कुठे नमायचं आणि कुठे नाही, हे त्याला स्पष्ट होतं.

या चित्राच्या जोडीला तिथे लूथरबुर्ग या चित्रकाराचं १७९५ सालचं ‘१ जूनची लढाई’ होतं. १७९४ साली ब्रिटिशांनी फ्रेंच आरमारावर मिळवलेल्या विजयाचं ते चित्र. तेही भव्य, पण सरळ वाचता येणारं. त्याच्या शेजारी टर्नरचं चित्र दरबारी मंडळींना खटकलं असणार.

१०. टर्नरचं ट्रॅफल्गारवर आणखी एक चित्र आहे का? दोन्हींची गल्लत होते.

आहे, आणि ते आधीचं. १८०६ मध्ये त्याने ते आपल्या स्वतःच्या दालनात अपुऱ्या अवस्थेत दाखवलं आणि १८०८ मध्ये सुधारून पुन्हा मांडलं. नाव लांबलचक, ‘व्हिक्टरी’च्या मागच्या डोलकाठीच्या उजव्या बाजूच्या दोरशिडीवरून दिसलेली लढाई असं सांगणारं. ते आता टेट संग्रहालयात आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. या आधीच्या चित्रात आपण उंचावरून डेककडे पाहतो, आणि डेकवर गोळी लागलेला नेल्सन दिसतो. मोठ्या चित्रात आपण पाण्याच्या पातळीवर आहोत आणि ‘व्हिक्टरी’ अख्खी बाहेरून दिसते.

११. मग ‘टेमेरेर’चं चित्र कोणतं? वीस पौंडांच्या नोटेवरचं?

ते तिसरं. ‘टेमेरेर’ हे जहाज ट्रॅफल्गारला ‘व्हिक्टरी’च्या पाठोपाठ लढलं. १८३८ मध्ये ते मोडीत काढण्यासाठी वाफेच्या बोटीने ओढून नेलं गेलं, आणि टर्नरने १८३९ मध्ये त्या प्रवासाचं चित्र मांडलं. त्यात लढाई नाही. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. २०२०पासून चलनात असलेल्या वीस पौंडांच्या नोटेवर टर्नरच्या चेहऱ्यासोबत हेच चित्र आहे.

१२. इंटरनेटवर ‘ट्रॅफल्गार’ शोधलं तर भलतीच चित्रं येतात. ती कोणाची?

बहुधा तीनपैकी एक. जहाजं स्वच्छ, एकेक ओळखता येतील अशी रंगवलेली असतील, तर ते क्लार्कसन स्टॅनफिल्डचं १८३६चं चित्र असण्याची शक्यता जास्त. डेकवर नेल्सनभोवती माणसांची गर्दी आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, असं असेल तर बेंजामिन वेस्टचं, १८०६चं. खालच्या अंधाऱ्या खोलीत कंदिलाच्या उजेडात मरणारा नेल्सन असेल तर आर्थर विल्यम डेव्हिसचं, १८०७चं.

१३. राजाने चित्र परत केलं का?

परत केलं नाही, देऊन टाकलं. १८२९ मध्ये चौथ्या जॉर्जने हे चित्र आणि लूथरबुर्गचं चित्र, दोन्ही ग्रिनिच रुग्णालयाला दिली. हे रुग्णालय म्हणजे वयस्क आणि जायबंदी खलाशांचा आश्रम. तिथल्या ‘पेंटेड हॉल’ नावाच्या दालनात आरमाराची चित्रं लावली जात होती. १८०६च्या जानेवारीत नेल्सनचं शव लोकांच्या दर्शनासाठी याच दालनात ठेवलं होतं. राजवाड्यात ज्यांना चित्र पटलं नाही त्यांच्यापेक्षा ग्रिनिचचे ते म्हातारे खलाशी त्याचे खरे प्रेक्षक होते, असं मला नेहमी वाटतं. पुढे हा संग्रह राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आला. हे संग्रहालय १९३७ मध्ये खुलं झालं.

१४. या सगळ्याचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही संबंध आहे का?

ओढूनताणून जोडावा लागत नाही, इतका आहे.

पहिला धागा नेल्सनचाच. पोरसवदा वयात तो ‘सीहॉर्स’ या जहाजावर हिंदी महासागरात होता. १७७५च्या सुरुवातीला हैदर अलीच्या दोन गलबतांशी या जहाजाची चकमक झाली. नेल्सनने पाहिलेली ही पहिली लढाई. पुढे तो तापाने खंगला आणि १७७६ मध्ये मुंबईहून त्याला मायदेशी पाठवण्यात आलं.

दुसरा धागा असईचा. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली भारतातून परतला होता. ट्रॅफल्गारच्या सुमारे सव्वा महिना आधी, लंडनमधल्या एका सरकारी कचेरीत थांबलेला असताना त्याची नेल्सनशी भेट झाली. दोघांची ही एकच भेट. सेंट जेम्समध्ये टर्नरच्या चित्राबरोबर जॉर्ज जोन्सने काढलेलं वॉटर्लूचं चित्रही लागलं होतं, म्हणजे वेलस्लीच्या विजयाचं.

तिसरा धागा मुंबईच्या गोदीचा. ट्रॅफल्गारला मुंबईत बांधलेलं जहाज नव्हतं. तसं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. पण वाडिया कारागिरांनी सागवानात बांधलेलं ‘एशिया’ मुंबईच्या गोदीतून १८२४ मध्ये पाण्यात उतरलं, टर्नरचं चित्र राजवाड्यात लागलं त्याच वर्षी. तीन वर्षांनी, १८२७ मध्ये, ग्रीसजवळच्या नावारिनोच्या लढाईत हेच जहाज ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टनचं मुख्य जहाज होतं. हा कॉड्रिंग्टन ट्रॅफल्गारला ‘ओरायन’ जहाजाचा कप्तान होता. मुंबईतच १८१७ मध्ये बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे.

१५. मराठा आरमाराच्या लढाईचं असं तैलचित्र आहे का?

एकोणिसाव्या शतकातलं नाही, पण अठराव्या शतकातलं एक आहे, आणि तेही ग्रिनिचच्याच संग्रहात. डोमिनिक सेरेस या चित्रकाराने १७७१ मध्ये ‘घेरियाचा पाडाव, फेब्रुवारी १७५६’ रंगवलं. घेरिया म्हणजे विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले होते, आणि समुद्राकडून इंग्रज नौसेनापती वॉटसनच्या जहाजांनी मारा केला. आंग्र्यांच्या एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि एकत्र बांधून ठेवलेलं अख्खं आरमार जळालं.

सेरेसने चित्र काढलं ते जिंकणाऱ्याच्या बाजूने. त्यात पाण्यात बुडणारी माणसं शोधा, आणि मग टर्नरसमोर या. दोन चित्रांतला फरक चटकन लक्षात येईल. ग्रिनिचला गेलात तर हेही चित्र सध्या भिंतीवर आहे का, ते विचाराच.

१६. चित्र प्रत्यक्ष पाहायचं आहे. काय लक्षात ठेवावं?

संग्रहालयाच्या नेहमीच्या दालनांना प्रवेश मोफत आहे. मोठी चित्रं अधूनमधून जागा बदलतात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दालन पाहून घ्या. लंडनच्या मध्यातून रेल्वेने किंवा टेम्सवरच्या बोटीने ग्रिनिचला जाता येतं. बोटीने गेलात तर टर्नरची नदीही पाहणं होतं. चित्राच्या अगदी जवळ जाऊन खालचा पट्टा पाहा, मग दहा पावलं मागे या. नेल्सनचा गोळीने भोक पडलेला कोटही याच संग्रहालयात आहे. ‘व्हिक्टरी’ पाहायची तर मात्र पोर्ट्समथला जावं लागेल. १९२२पासून ती तिथल्या कोरड्या गोदीत आहे.

१७. शाळेच्या हस्तलिखितात किंवा दिवाळी अंकात हे चित्र छापता येईल का?

टर्नर १८५१ मध्ये वारला. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे मूळ चित्रावर कोणाचा हक्क उरलेला नाही. अडचण येते ती छायाचित्राची. संग्रहालयाने काढलेल्या उत्तम दर्जाच्या छायाचित्राला त्यांच्या अटी असतात, आणि विक्रीच्या अंकासाठी शुल्कही पडू शकतं. अंकासाठी वापरायचं असेल तर संग्रहालयाच्या प्रतिमा विभागाला आधीच लिहा आणि ते सांगतील ती श्रेयओळ चित्राखाली छापा. आणि पानात बसवताना चित्र खालून कापू नका.